सीआरपी किती आला? श्वसनविषाणू आणि रक्तातल्या खुणांचा आढावा

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत बेंगळुरूत कुणाच्या घरी आजारपणाची चौकशी करायला फोन केला, की ताप उतरला का याच्याही आधी प्रश्न यायचा, ‘सीआरपी किती आला?’ ३० एप्रिलच्या एका दिवसात शहरात साडेसव्वीस हजारांहून जास्त नवे कोविड-रुग्ण नोंदले गेले होते. बेड हवा तर आधी बीयू नंबर, म्हणजे सरकारी रुग्णक्रमांक, हवा, तो मिळेपर्यंत वॉररूमला फोनावर फोन, आणि या मधल्या काळात घरच्यांच्या हाती असायची ती फक्त लॅबने पाठवलेली पीडीएफ. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच, आयएल-६. ज्यांनी हे शब्द जन्मात ऐकले नव्हते अशी माणसं आठवड्याभरात त्यांचे चढउतार तोंडपाठ सांगू लागली. मल्लेश्वरम किंवा जयनगरमधल्या मराठी घरांतून ते रिपोर्ट पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचे आणि सगळं घर उत्तराची वाट पाहत बसायचं.

ती दुसरी लाट ओसरून बरीच वर्षं झाली. तेव्हा घाईघाईत वाचलेल्या आकड्यांकडे आता शांतपणे पाहता येतं. कोविडच्या निमित्ताने एका श्वसनविषाणूचा रक्तावर आणि प्रतिकारयंत्रणेवर होणारा परिणाम जितक्या बारकाईने मोजला गेला, तितका तो याआधी कधीच मोजला गेला नव्हता. त्यातून काय हाती लागलं? माझं मत आधीच मांडतो. एखादी खूण वाढली की धोका वाढतो, हे दाखवणं तुलनेने सोपं असतं. त्या खुणेकडे पाहून उपचार बदलले तर माणूस वाचतो, हे दाखवणं फार कठीण असतं. पहिल्या गोष्टीचे पुरावे शेकड्यांनी आले, दुसरीचे बोटांवर मोजण्याइतके. या दोन गोष्टींची गल्लत झाली आणि तिची झळ रुग्णांना बसली.

सुरुवात सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनपासूनच करू. हे प्रथिन सापडलं तेच मुळी फुप्फुसाच्या आजारात. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकॉकस जिवाणूच्या पेशीभित्तिकेतल्या ‘सी’ नावाच्या एका घटकाशी या रुग्णांचं रक्तद्रव मिसळलं की साका तळाशी बसायचा. आजार भरात असताना ही प्रतिक्रिया दिसायची, रुग्ण बरा झाला की नाहीशी व्हायची. प्रतिपिंडं असती तर उलट घडलं असतं, ती बरं होताना वाढतात. म्हणजे हे काहीतरी वेगळंच होतं. पुढे कळलं की हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि ते तयार करण्याचा हुकूम मुख्यतः आयएल-६ हा संदेशवाहक रेणू देतो. दाह सुरू झाल्यावर काही तासांत सीआरपी वर जातो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि कारण दूर झालं की दर १९ तासांना निम्म्यावर येतो. म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन दिवसांमधला फरक जास्त बोलका असतो.

पण सीआरपी कशामुळे वाढला, हे सीआरपी सांगत नाही. क्षयरोगात तो वाढतो, दाढेला पू झाला तरी वाढतो. लठ्ठ माणसांत तो मुळातच थोडा वरच्या पातळीवर असतो. त्यात एककांचा घोळ. एका लॅबच्या रिपोर्टवर ९.६ छापलेलं असतं, दुसरीच्या रिपोर्टवर ९६, आणि दोन्ही रिपोर्ट त्याच माणसाचे, त्याच दिवसाचे असू शकतात. पहिलं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरं मिलिग्रॅम प्रति लिटर. डी-डायमरमध्ये याहून वाईट अवस्था. तो मायक्रोग्रॅममध्येही येतो, नॅनोग्रॅममध्येही येतो, आणि मोजण्याच्या दोन पद्धतींत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. आज एका लॅबमध्ये ०.५ आणि उद्या दुसऱ्या लॅबमध्ये ५०० आलं की घरच्यांच्या काळजाचा ठोका चुकणार. आकड्याशेजारचं ते बारीक अक्षरातलं एकक वाचायला रुग्णाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि रात्री अकरा वाजता फोटो पाहून उत्तर देणाऱ्या डॉक्टरलाही कित्येकदा ते दिसत नसे.

सगळ्यात साधी आणि स्वस्त तपासणी म्हणजे सीबीसी, रक्तपेशींची मोजणी. माझ्या मते तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. वुहानमधल्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल जानेवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हाच त्यांतल्या २६ जणांच्या लिम्फोसाइट पेशी कमी असल्याचं नोंदलं होतं. पुढे चीनमधल्या १०९९ रुग्णांत हे प्रमाण ८३ टक्के भरलं. लिम्फोसाइट म्हणजे विषाणूग्रस्त पेशी हुडकून मारणारं आणि प्रतिपिंडं बनवणारं दल. ते रक्तात कमी दिसतं याची कारणं एकाहून अधिक आहेत. काही पेशी फुप्फुसांकडे आणि लसिकाग्रंथींकडे निघून जातात, काही दाहाच्या माऱ्यात मरतात. त्याच वेळी न्यूट्रोफिल वाढतात. या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे एनएलआर, आणि ते काढायला वेगळी तपासणी लागत नाही, एक भागाकार पुरतो. इओसिनोफिल शून्यावर येणं ही तशीच आणखी एक फुकटची खूण. हे फक्त कोविडचं वैशिष्ट्य नाही. इन्फ्लुएन्झातही लिम्फोसाइट घटतात.

मात्र इथे एक गोम आहे. रुग्णाला स्टेरॉइड सुरू केलं की न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंती सोडून प्रवाहात येतात, लिम्फोसाइट घटतात आणि एनएलआर झपाट्याने वर जातो. आजार वाढलेला नसतो, ते औषधाचं काम असतं. दुसऱ्या लाटेत कितीतरी लोकांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. त्यांचा पाचव्या दिवसाचा एनएलआर आजाराबद्दल काय सांगणार?

फेरिटिन आणि एलडीएच यांच्यावर फार वेळ घालवायला नको. एलडीएच ही पेशी फुटल्याची खूण, कुठल्या अवयवाच्या पेशी हे ती सांगत नाही. फेरिटिन लोह साठवतं आणि दाहात वाढतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. ज्या बाईचा लोहाचा साठाच तळाला गेलेला आहे, तिचं फेरिटिन दाहात वाढूनही ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसू शकतं. पाश्चात्त्य रुग्णांवरून ठरलेल्या मर्यादा आपल्याकडे जशाच्या तशा उचलताना हे ध्यानात ठेवायला हवं.

डी-डायमरची कथा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण या सगळ्या प्रश्नाचं मर्म तिच्यात आहे. रक्ताची गुठळी विरघळताना जे तुकडे पडतात, त्यांतला हा एक. मार्च २०२० मध्ये वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाखल होताना डी-डायमर मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर मृत्यूची शक्यता अठरा पटींनी जास्त, असं त्यात म्हटलं होतं. तो अठराचा आकडा जगभर फिरला. त्याच्यासोबत छापलेला पल्ला मात्र फिरला नाही, तो होता २.६ पासून १२८ पर्यंत. एवढा रुंद पल्ला म्हणजे धोका आहे हे नक्की, किती आहे ते अजिबात नक्की नाही. तरीही तर्क सरळ वाटला. डी-डायमर वाढला म्हणजे गुठळ्या होताहेत, मग रक्त पातळ करणारी औषधं भरपूर द्या. बेंगळुरूतच काय, सगळीकडे घरी असलेल्या रुग्णांनाही अशा गोळ्या लिहून दिल्या गेल्या.

मग चाचण्या झाल्या. ब्राझीलमधल्या ‘ॲक्शन’ चाचणीत डी-डायमर वाढलेलेच ६१५ रुग्ण घेतले होते. निम्म्यांना गुठळीविरोधी औषधाची पूर्ण मात्रा, बाकीच्यांना नेहमीची प्रतिबंधक मात्रा. पूर्ण मात्रेचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र २ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. वॉर्डात दाखल असलेल्या, पण आयसीयूची गरज न लागलेल्या रुग्णांना हेपॅरिनच्या पूर्ण मात्रेने थोडा फायदा झाला. हा फायदा डी-डायमर जास्त असलेल्यांनाही झाला, कमी असलेल्यांनाही. आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांना तो झालाच नाही. धोका दाखवणारी खूण औषध कुणाला द्यावं हे सांगायला अपुरी पडली. शिवाय डी-डायमर वयाबरोबर आपोआप वाढतो, गरोदरपणात वाढतो, शस्त्रक्रियेनंतर वाढतो. सत्तरीतल्या आजोबांच्या रिपोर्टवर लाल अक्षरांत येणारा आकडा कित्येकदा त्यांच्या वयाचाच असतो.

आता ‘सायटोकाइन स्टॉर्म’. मराठी वर्तमानपत्रांनीही हे दोन शब्द घरोघरी पोचवले. प्रतिकारशक्ती पिसाळते आणि स्वतःच्याच शरीरावर उलटते, असं चित्र लोकांच्या मनात ठसलं. आयएल-६ हा त्या वादळाचा म्होरक्या. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने अनेक अभ्यास एकत्र करून मोजमाप केलं. गंभीर कोविडमध्ये आयएल-६ ची सरासरी पातळी होती सुमारे ३७ पिकोग्रॅम. सेप्सिसमध्ये ती याच्या २७ पट असते. कर्करोगावरच्या कार-टी उपचारानंतर जे खरंखुरं वादळ उठतं, त्यात ती जवळपास १०० पट असते. वादळ हा शब्दच कितपत लागू पडतो, अशी शंका अनेक जाणकारांनी तेव्हाच घेतली होती.

या टप्प्यावर बेंगळुरू थेट चित्रात येतं. बायोकॉन ही इथली कंपनी. तिच्याकडे इटोलिझुमॅब नावाचं एक प्रतिपिंड होतं. क्यूबातल्या शास्त्रज्ञांशी सहकार्यातून आलेलं, टी पेशींवरच्या सीडी-६ या रेणूला रोखणारं, २०१३ पासून सोरायसिससाठी बाजारात असलेलं. जुलै २०२० मध्ये औषध महानियंत्रकांनी ते मध्यम आणि गंभीर कोविडमध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मंजूर केलं. आधार होता ३० रुग्णांच्या चाचणीचा. २० जणांना औषध दिलं, १० जणांना दिलं नाही. मुंबईची केईएम आणि नायर रुग्णालयं या चाचणीत होती. औषध मिळालेल्यांत कुणी दगावलं नाही, न मिळालेल्या दहांत तिघे दगावले. आणि सोबत ठळकपणे मांडलं गेलं ते हे, की औषधानंतर आयएल-६ आणि टीएनएफ-आल्फा या दाहाच्या रेणूंची पातळी खाली आली.

तीस माणसांत तीन मृत्यूंचा फरक योगायोगानेही पडू शकतो. ती उणीव भरून काढायला रक्तातल्या खुणांचा आधार घेतला गेला. पण खूण खाली येणं म्हणजे माणूस बरा होणं नव्हे, ताप उतरवणाऱ्या गोळीने आकडा उतरतो, विषाणू तिथेच असतो. कोविडसाठीच्या राष्ट्रीय कृती दलाने हे औषध राष्ट्रीय उपचारपद्धतीत घेतलं नाही, आणि तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. तरी चारेक कुप्यांच्या मात्रेला तीसेक हजार रुपये मोजायला नातेवाईक तयार होते. जीव टांगणीला लागलेला असताना कोण चाचणीतल्या रुग्णांची संख्या विचारत बसेल? ते विचारण्याची जबाबदारी नियामकांची होती.

खूण पाहून औषध देण्याचं उत्तम उदाहरण ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने घालून दिलं. टोसिलिझुमॅब हे आयएल-६ च्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, अडवणारं औषध. त्यांनी ४११६ रुग्ण निवडले, तेही दोन अटींवर. ऑक्सिजन कमी पडत असायला हवा आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त हवा. २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. शंभरात चार जीव. हे कमी नाही, पण चमत्कारही नाही. गंमत अशी की औषध आयएल-६ विरुद्धचं असूनही निवड सीआरपीवर झाली. सीआरपी स्वस्त, कुठल्याही जिल्हा रुग्णालयात होणारी तपासणी, आणि आयएल-६ च्या हुकुमानेच तो बनत असल्याने तोच त्याचा प्रतिनिधी. आपल्याकडे लोक हजारो रुपये खर्चून आयएल-६ करून घेत होते, तेव्हा हे ध्यानी आलं असतं तर बरं झालं असतं.

टोसिलिझुमॅब दिल्यानंतर मात्र दोन्ही आकडे वाचकाला चकवतात. ग्राहक अडवलेला असल्याने आयएल-६ रक्तात साचून वाढतो. यकृताला हुकूम पोचत नसल्याने सीआरपी घसरतो. त्याच दिवसांत जिवाणूचा किंवा बुरशीचा नवा संसर्ग झाला तरी सीआरपी निमूट राहतो. मे २०२१ पासून बेंगळुरूच्या बाउरिंग रुग्णालयात म्युकरमायकोसिसचे रुग्ण भरू लागले, तेव्हा मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीला दाह दडपणाऱ्या औषधांचीही चर्चा झाली, ती उगाच नव्हे.

दुसरं उदाहरण ग्रीसचं. ‘सेव्ह-मोर’ चाचणीत सुपार नावाच्या खुणेची पातळी ६ नॅनोग्रॅमच्या वर असलेल्या ५९४ रुग्णांवर ॲनाकिन्रा हे औषध तपासलं गेलं आणि फायदा दिसला. चाचणीची आखणी आदर्श होती. पण ती तपासणी आपल्याकडच्या नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही, त्यामुळे तिचा बेंगळुरूच्या रुग्णाला उपयोग किती, हा प्रश्न उरतोच.

प्रतिकारयंत्रणा अति काम करते, हे चित्र अर्धंच होतं. दुसरं अर्धं चित्र तिच्या कमी पडण्याचं. विषाणू शिरल्यावर पहिल्या काही तासांत इंटरफेरॉनची हाक उठायला हवी. २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली, आणि या १०१ पैकी ९५ पुरुष होते. ही प्रतिपिंडं आजाराच्या आधीपासूनच असावीत, असं संशोधकांनी मांडलं. इथे खूण नुसती सोबत नव्हती, कारणाच्या जवळ होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विद्या अरणकल्ले यांच्या गटाने २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत रुग्णांतला विषाणूचा भार आणि प्रतिकाराचा प्रतिसाद शेजारी ठेवून पाहिला होता. प्रश्न विचारण्याची ती दिशा योग्य होती, आणि कोविडमध्ये आपल्याकडे ती अधिक जोमाने पुढे न्यायला हवी होती.

त्याऐवजी आपल्याकडून प्रामुख्याने काय आलं? एकेका रुग्णालयातले, मागे वळून केस पेपरांवरून केलेले अभ्यास. दाखल झालेले अमुक रुग्ण, वाचलेल्यांचा सीआरपी इतका, दगावलेल्यांचा इतका, फरक लक्षणीय. अशा निबंधांत घरीच बरे झालेले लोक नसतात. बेड न मिळता घरीच दगावलेले तर नसतातच. तपासणी कितव्या दिवशी केली हेही बहुधा नसतं, आणि श्वसनविषाणूच्या आजारात तिसऱ्या दिवसाचं रक्त आणि नवव्या दिवसाचं रक्त म्हणजे दोन वेगळे आजार. पहिल्या आठवड्यात विषाणूचा जोर, दुसऱ्यात दाहाचा. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी केले, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा दिसला नाही, उलट मृत्यूचं प्रमाण १४ च्या जागी १७.८ टक्के होतं. सीआरपी वाढला म्हणून घरी स्टेरॉइड सुरू करणाऱ्यांनी हा आकडा पाहायला हवा होता.

ब्रिटनमधल्या ३५ हजारांहून जास्त रुग्णांवरून तयार झालेला, मृत्यूचा धोका वर्तवणारा ‘४सी’ गुणांक पाहा. वय, लिंग, सहव्याधी, श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, शुद्धीची स्थिती, आणि रक्तातून फक्त दोन गोष्टी, युरिया आणि सीआरपी. कितीतरी खुणा आजमावल्यावर यादीत एवढंच टिकलं. आपल्या २२ एप्रिल २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही शहाण्या होत्या. सीआरपी आणि डी-डायमर मध्यम आजारात ४८ ते ७२ तासांनी, आयएल-६ प्रकृती ढासळली आणि सोय असली तरच. ३ मे रोजी एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं, की सौम्य आजारात आणि ऑक्सिजन नीट असताना या रक्ततपासण्या आणि सीटी स्कॅन करू नका. सूचना कागदावर राहिली. लॅबच्या दारातली रांग हटली नाही, कारण रांगेत उभ्या माणसाला कुठेतरी काहीतरी केल्याचा दिलासा हवा होता.

कोविडखेरीजच्या काळात बेंगळुरूच्या डॉक्टरांपुढचा रोजचा प्रश्न वेगळा असतो. पावसाळ्यात ताप-खोकला घेऊन आलेल्या माणसाला विषाणू आहे की जिवाणू, अँटिबायोटिक द्यायचं की नाही? त्यात डेंगीचा हंगाम. पांढऱ्या पेशी श्वसनविषाणूतही घटतात आणि डेंगीतही, प्लेटलेट्सवरून अंदाज बांधावा लागतो. जिवाणूसंसर्गात वाढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिनवर मोठी भिस्त होती, पण अमेरिकेतल्या १६५६ रुग्णांच्या ‘प्रोॲक्ट’ चाचणीत ते हाताशी असूनही अँटिबायोटिकचा वापर कमी झाला नाही. भारतीय विज्ञान संस्थेतल्या नागसुमा चंद्रा यांच्या गटाने एम. एस. रामय्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना सोबत घेऊन २०२१ मध्ये ‘व्हीबी-१०’ ही खूण मांडली. रक्तपेशींतली दहा जनुकं किती चालू, किती बंद यावरून संसर्ग विषाणूचा की जिवाणूचा हे ओळखायचं आणि रुग्ण सुधारतोय का तेही पाहायचं. एका प्रथिनाऐवजी दहा जनुकांची एकत्र चाल पाहणं मला जास्त आश्वासक वाटतं. पण तिची खरी परीक्षा दवाखान्यात होईल. डॉक्टरने हा आकडा पाहून अँटिबायोटिक टाळलं आणि रुग्ण सुखरूप राहिला, अशी चाचणी व्हायला हवी, आणि ती याच शहरात सहज होऊ शकते.

लहान मुलांचं गणित आणखी निराळं. कोविडनंतर काही आठवड्यांनी काही मुलांना जो एमआयएस-सी आजार झाला, त्यात सीआरपी, ईएसआर किंवा प्रोकॅल्सिटोनिन वाढलेलं असणं ही निदानाचीच अट होती, आणि तिथे या तपासण्यांनी चोख काम केलं. याउलट ॲडिनोव्हायरसच्या साध्या संसर्गातही मुलांचा सीआरपी जिवाणूसंसर्गासारखा चढतो आणि विनाकारण अँटिबायोटिक सुरू होतं. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूत दोन बाळांना एचएमपीव्ही असल्याचं आयसीएमआरने कळवलं, एक तीन महिन्यांची मुलगी, एक आठ महिन्यांचा मुलगा, दोघांनाही ब्राँकोन्यूमोनिया झालेला. बातमी आली आणि लोकांचं धाबं दणाणलं, पुन्हा टेस्टची चौकशी सुरू झाली. हा विषाणू २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, त्याआधीही तो मुलांना होतच होता, आणि त्यात कुठल्या बाळाला ऑक्सिजन लागेल हे आधी सांगणारी रक्ततपासणी आज नेहमीच्या वापरात नाही. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त चालला, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या, दूध तुटलं, की दवाखाना गाठायचा. त्यासाठी मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे लागतात.